नाकाच्या भरवशावर

आमचे हे गिअरबॉक्सचे मिस्त्री. सगळे त्यांना नाकमिस्त्री म्हणतात, आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान! जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला चार नंबरचं ऑइल लागतं. पाच नंबरचं मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलसाठी. ते जहाल, गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या खातं. नंबर मोठा म्हणजे माल भारी, असं समजून गिऱ्हाईक पाच नंबरच मागतं आणि हे त्याची बिनपाण्याने करतात. पण स्वतःच्या गॅरेजमधल्या दोन डब्यांवर कधी चिठ्ठी लावतील तर शपथ. पाच नंबरला गंधकाचा भपकारा येतो, झाकण उघडून हुंगलं की झालं. चिठ्ठ्या शिकाऊ लोकांना, म्हणे.

गेल्या वर्षी तापातून उठले ते नाक गमावूनच. कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. शेजारी दूध करपलं तरी हे आपले पेपर वाचतायत, तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, डब्यांवर लिहा. तर माझ्यावरच डाफरले, तीस वर्षं हात चालतोय म्हणाले. मीही तोंड मिटून बसले, ती माझी चूक.

माझी धाकटी नणंद आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. हॉस्पिटल चढापलीकडे, बस तिच्या गल्लीपर्यंत येत नाही, रिक्षावाले त्या चढावर यायला तयार होत नाहीत आणि तिला दहा पावलं चालवत नाही. तिचा नवरा, आमचे दाजी, जुन्या व्हॅनमधून तिला नेतात. मंगळवारी चढावर दुसरा गिअर पडेना. गाडी मागे घसरायला लागली, दाजींनी कशीबशी कडेच्या दगडाला टेकवली. डायलिसिस हुकलं. बुधवारी तिचे पाय सुजून टम्म, बोलताना धाप.

ह्यांनी गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्येच होते. कड्या काळ्या पडून झिजलेल्या. ह्यांना सगळं कळलं, मी चेहरा बघितला ना! तरी दाजींना म्हणाले, तुम्ही क्लच अर्धवट दाबता, त्यानं वाट लागली. दाजी बिचारे गरीब माणूस. घरी जाऊन बायकोची हात जोडून माफी मागत बसले. मला ह्यांचा इतका संताप आला की पाना उचलून मारावासा वाटला.

नव्या कड्यांना महिना लागणार होता. गुरुवारी आम्ही नणंदेकडे बसलो असताना दूधवाला आला, म्हणाला, उद्या मी नेतो माझ्या टेम्पोतून. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा जीव आला.

"टेम्पो दुसऱ्या गिअरला हल्ली कुरकुरतो," तो म्हणाला, "पण मिस्त्रींच्या हातचं काम आहे, काळजी नको."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. व्हॅनचं आणि टेम्पोचं ऑइल ह्यांनी एकाच दिवशी बदललं होतं, एकाच डब्यातून. मी डोळ्यांनीच बजावलं, आता बोला, नाहीतर मी बोलते.

"त्या टेम्पोनं नको जाऊस," हे बहिणीला म्हणाले. "मला वास येत नाही. वर्ष झालं. दाजींची काही चूक नाही. दोन्ही गाड्यांत मीच चुकीचं ऑइल भरलंय."

दाजी मान खाली घालून बसले. दूधवाला चपला घालून निघून गेला. मला वाटलं, नणंद आता ह्यांना फाडून खाईल. खायलाच हवं होतं. तिनं सुजलेले पाय चादरीखाली ओढले.

"मग उद्या मी कशी जाऊ, दादा?"

हे माझ्याकडे बघायला लागले.