उठून न बसणारा नवरामुलगा

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला गेलो ते बागा बघायला नव्हे, स्थळ मोडायला! माझी धाकटी बहीण शैला, तिचं लग्न तिथल्या हवाई दलातल्या श्रीधरशी जवळजवळ ठरलेलं. सुपारी फुटायच्या आधीच बातमी आली की मुलगा अंथरुणाला खिळलाय. झालं! आमचे वडील, अप्पा, यांनी मला बरोबर घेतलं आणि मिरजेला गाडी पकडली.

सकाळी स्टेशनाबाहेर इडली-वडा खाल्ला. दहा-बारा रुपयांत दोघांची पोटं भरली. बसच्या पाट्या कानडीत, म्हणून श्रीधरच्या घरापर्यंत रिक्षा केली. ती मीटरवर आली, यावर अप्पांचा विश्वासच बसेना.

श्रीधरच्या आईला सगळे अक्का म्हणत. घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षं तिथंच मुरलेलं.

"स्वल्प कॉफी घ्या हो अण्णा."

"आधी मुलगा दाखवा," अप्पा गुरकावले.

"सरी, बरं," म्हणत अक्का उठल्या आणि आम्हाला घेऊन निघाल्या.

तेव्हा विमानतळ शहरातच होता. आताचा विमानतळ जिथं आहे त्या देवनहळ्ळीला नुसते द्राक्षमळे. विमानतळाच्याच बाजूला हवाई दलाची वैद्यकीय संस्था आहे. अवकाशात जाऊन आलेल्या आपल्या माणसाच्या तपासण्या तिथंच झालेल्या. अक्कांनी परवानगी काढून ठेवली होती, गेटवर नावं लिहून आत गेलो.

श्रीधर कॉटवर आडवा. कॉट पायाकडून उचललेली, डोकं खाली, चेहरा सुजलेला. आम्हाला बघून त्यानं पडल्यापडल्याच हात जोडले.

अप्पा तडकले. "एवढ्या लांबून आलोय, उठून बसताही येत नाही?"

"येतं काका, पण बसणार नाही. अवकाशात रक्त डोक्याकडे चढतं. त्याचा अभ्यास जमिनीवर करायचा म्हणून मी आपणहून नाव दिलं. जेवण, दाढी, सगळं आडवंच. एकदा उठलो की आजवरचं सगळं फुकट."

"आणि लग्न मोडलं तर?"

डोळे भरले त्याचे. "तरी नाही उठणार."

अगं बाई! मी अप्पांकडे बघतच राहिले. कुणापुढे न वाकणारे अप्पा गुडघे धरून खाली बसले, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आमटीभात कसा रे खातोस असा?" मग तासभर दोघांच्या गप्पा. मला तर त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

बंगळूर म्हटलं की मला आजही आठवते ती तिरकी कॉट. अवकाशात उडणाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात हो, त्यांच्यासाठी झोपून राहिलेल्यांना कोण ओळखतं?

घरी पोचलो तर शैला दारातच. मी सगळं सांगितलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उभं राहताना भोवळ येते, हेही सांगितलं.

तिनं फक्त एवढंच विचारलं, "मग तेव्हा त्याला धरायला कोण आहे?"

अप्पा पायातल्या चपला काढत होते. "थांब," म्हणाले, "तिघांची तिकिटं काढून आणतो."