दोन तासांत तीन घरं

भर मीटिंगमध्ये मला कामचुकार म्हटलं गेलं, त्याला आता वर्ष होईल. अजून तो शब्द आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. झालं गेलं विसरून जावं असं लोक सांगतात. मी विसरलेले नाही, आणि विसरायची मला घाईही नाही.

मी आरोग्यसेविका. राहते शहापुरात, नोकरी मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या अंगाला. सकाळची मुरबाड एसटी, पुढे मिळेल ती जीप. माझ्याकडे चार गावं आणि त्यांच्या कडेच्या कातकरी वाड्या. पहिल्या वर्षी मीही रजिस्टर उघडूनच वाडीत शिरायची. गोळ्या खाता का? हो. जेवण जातं का? हो. दुखतं-खुपतं काही? नाय. वीस घरांत वीस वेळा तेच. मग एकदा एका घरी पाणी प्यायला टेकले, तर कुडाला खोचलेल्या पिशवीत रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिसल्या, कित्येक महिन्यांच्या, एकही पाकीट न फोडलेल्या. त्या बाईनं मला फसवलं नव्हतं. कागद-पेन घेऊन येणाऱ्याला हो म्हटलं की तो लवकर जातो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून माझी बॅग बंद असते. दाराशी बसायचं, ती भाजी निवडत असेल तर आपणही चार काड्या निवडायच्या, सासूला शिव्या देत असेल तर ऐकायच्या. खरं दुखणं तासाभरानं निघतं. रजिस्टर मी परत येताना, जीपची वाट बघत भरते. यात दोन तासांत तीन घरं होतात. कधी दोनच.

आमच्या केंद्रातली दुसरी सिस्टर माझ्या अगदी उलट. अकराच्या आत तिची सोळा घरं झालेली, प्रत्येक दारात फोटो, ॲपमध्ये नोंद, पुढे हिरवी खूण. ती आळशी नाही, खोटारडी तर मुळीच नाही. लसीचा साठा तिच्याकडे कधी एका बाटलीनं चुकला नाही. पण तिच्या हिशेबी मी वाडीवर जाऊन गप्पा मारते. त्या मीटिंगमध्ये माझी घरं का कमी असं डॉक्टरसाहेबांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ती सिस्टर हसत म्हणाली की हिचं माहेर आहे वाडीवर, भाज्या निवडून देते ती. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. कामचुकारपणाचे पुष्कळ प्रकार असतात म्हणाले आणि दोन महिन्यांसाठी आम्हा दोघींची गावं अदलाबदल करून टाकली. वाडीचा रस्ता कुठून फुटतो हे त्यांना माहीत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला रस्ता लागतो कशाला?

मी भांडले असते, पण डोळ्यासमोर एकच बाई होती. सातवा महिना. आधीची दोन बाळं गेलेली, त्यातलं एक दवाखान्यात. रक्त इतकं कमी की पापणी ओढून बघितली तर आत लाली नाहीच. तिला लोहाची सलाईन लावायची होती आणि ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. चार खेपा घालून मी तिला तयार केलं होतं, आणि नेमकी तेव्हाच ही बदली. मी त्या सिस्टरला सगळं कागदावर लिहून दिलं. आठच्या आत जा. बस थोडा वेळ. मोबाईल काढू नकोस. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दोन आठवड्यांनी विचारलं, तर म्हणाली की तीनदा गेले, दहाच्या सुमारास, तिन्ही वेळा दार बंद, हाका मारल्या तरी कुणी नाही. दिवाळी झाली होती, अर्धी वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. म्हणून तिनं 'स्थलांतरित' अशी नोंद केली होती. ॲपनं ती घेतली आणि बाईचं नाव यादीतून उडालं.

"दारात कोंबड्या होत्या का?" मी विचारलं.

"होत्या की. का गं, आता त्यांचीही नोंद करायची?"

भट्टीवर जाणारं घर कोंबड्या मागं ठेवत नाही. टोपलीत घालून ट्रकमध्ये सोबत नेतं. हे वाडीत चार दिवस बसलेल्या कुणालाही कळतं, पण बसायला वेळ कुणाला आहे? इथं सगळं पी हळद अन् हो गोरी.

मी रविवारी गेले, माझ्या सुट्टीच्या दिवशी. बाई घरीच होती. पाय सुजलेले, हंडा उचलला की धाप. जीप करून मुरबाडला नेलं, तिथून त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सनं उल्हासनगरला. रक्त चढवलं. पुढच्या आठवड्यात दिवस भरायच्या आतच मुलगी झाली, जेमतेम ओंजळीएवढी, पण जगली.

बक्षीस म्हणून मला मेमो मिळाला. दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रात विनापरवानगी जाऊन काम केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. आणि त्या सिस्टरनं माझ्याशी बोलणं टाकलं. ती सगळ्यांना सांगत सुटली की मी त्या बाईला मुद्दाम लपवून ठेवलं, तिला खाली पाडायला. लपवून! ती हे सांगताना रडली म्हणे. म्हणजे तिला ते खरंच वाटत होतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. त्याच संतापात मी बाळंतिणीला बघायला गेले आणि बाळाकडे न बघताच विचारलं, की ती सिस्टर तीनदा आली तेव्हा तू होतीस कुठं?

"घरातच व्हते," ती म्हणाली. "ती बाय आली का मी दार लावून गप बसायची. तूच बोललीस ना बाय, माज्याबिगर कुनाकडून सुई घेव नको."

बोलले होते. चौथ्या खेपेला, ती डळमळत होती तेव्हा, तिचा हात धरून. आणि तिनं मान हलवली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

घरी येऊन खुलासा लिहिला. दोन पानं झाली. कोंबड्या लिहिल्या, दहा वाजताची वेळ लिहिली, यादीतून उडालेलं नाव लिहिलं, हातचं काही राखलं नाही. बाईचं ते एक वाक्य मात्र त्यात घातलं नाही. त्या सिस्टरला तर ते अजून सांगितलेलं नाही.