उजव्या पायाचं पॅड

“ए मिस्त्री, थांब. पॅड सोड. ह्याले जाऊ दे.”

मी फलंदाजीला निघालो होतो. सीमारेषेच्या आत चार पावलं गेलो, तेवढ्यात मागून कप्तानाची हाक आली. मारेगावचं मैदान. भर दुपार. कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून मोठ्या संघाच्या निवड समितीचे दोन साहेब बसलेले. कप्तान म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा थोरला, गिरीशभाऊ. ज्याला जाऊ द्यायचं होतं तो त्याचा चुलतभाऊ, पुण्याहून सुट्टीवर आलेला. आणि मिस्त्री मी नव्हतोच. मिस्त्री माझे अब्बा, शेठच्याच जिनिंगमध्ये. पण माझं नाव विचारायची गरज त्या मैदानावर कधी कुणाला पडली नाही.

आमच्या संघाकडं पॅडं तीनच. दोन डाव्या पायाची, एक उजव्या पायाचं. म्हणून सगळे एकाच पायात पॅड बांधून खेळायचे, जो पाय पुढं येतो त्यात. सगळे उजव्या हातानं खेळणारे, मी एकटा डावखुरा. त्यामुळे उजव्या पायाचं पॅड आपोआप माझं झालं होतं. ते कुणी मागत नसे. पण त्या दिवशी साहेब बघत होते आणि पुण्याच्या पोराला दोन्ही पायांत पॅड पाहिजे होतं.

सकाळी मी पाच बळी घेतले होते. आता फलंदाजी दाखवायची होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या साली कापसाला भाव नव्हता, गाड्या जिनिंगकडं फिरकत नव्हत्या, दर पंधरवड्याला चार माणसं कमी होत होती. अब्बा अजून टिकले होते. मी मागं फिरलो. पॅड सोडलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्या पोराला पट्टे नीट बांधता येईनात, तसा मी खाली बसलो आणि त्याच्या पायाला पॅड बांधून दिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही, याचीच मला आजही चीड येते. बघणारे हसलेसुद्धा नाहीत. त्यांना ते बरोबरच वाटलं.

तो तिसऱ्या चेंडूवर बाद झाला. मला अकराव्या नंबरला पाठवलं. मी एकही चेंडू खेळायच्या आत समोरचा गेला. निवड दोघांचीही झाली. त्याच्या नावापुढं फलंदाज, माझ्या नावापुढं गोलंदाज.

अब्बा घरात हिंदी बोलायचे, चिडले की वऱ्हाडीवर यायचे. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

“पॅड देल्लं ते देल्लं. बांधून काहून देल्लं? त्याले हात नव्हते काय?”

दिवाळीच्या आत जिनिंग बंद पडलं आणि अब्बाही घरी बसले. माझ्या वाकण्यानं काही वाचलं नाही.

मोठ्या संघात गेलो तेव्हा पहिल्यांदा दोन्ही पायांत पॅडं घातली. धावताच येईना. गुडघ्याला गुडघा लागायचा. पहिल्याच धावेला अर्ध्यात अडखळलो आणि धावबाद झालो. आख्खी ड्रेसिंग रूम पोट धरून हसली. प्रशिक्षक म्हणाले, “तू बॉलच टाक रे बाबा.” नऊ हंगाम मी बॉल टाकले. पाटा खेळपट्टीवर, भर उन्हात, एका बाजूनं दिवसभर. फलंदाजी नवव्या-दहाव्या नंबरवर, नेटमध्ये सगळ्यांचं झाल्यावर उरलीसुरली पाच मिनिटं.

शेवटच्या हंगामात एका संध्याकाळी दिवसाचा खेळ संपायला चार षटकं होती. आमचा नावाजलेला फलंदाज वाचावा म्हणून त्याच्या जागी मला पुढं ढकललं. त्याच्याऐवजी मी बाद झालो तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी ती षटकं खेळून काढली. सकाळी पुन्हा उतरलो. चेंडू बॅटवर येत होता. मी साठीत पोचलो तेव्हा बारावा खेळाडू पाणी घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, “कप्तानाचा निरोप आहे. उंच मारून आउट व्हा. मागं खरे बॅट्समन थांबलेत.”

नऊ वर्षं मी त्या संघात जपून, पुस्तकातलं बोललो होतो. त्या दिवशी जमलं नाही.

“त्याले सांग, मी आउट होत नसतो. आन् खरा बॅट्समन कोन, हे त्यानं मले शिकवू नये.”

निरोप पोचला. मी ब्याऐंशीवर नाबाद असताना कप्तानानं डाव घोषित केला. शतक करू द्यायचं नव्हतं, दुसरं कारण नव्हतं. पुढच्या सामन्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. नंतर कुठल्याच यादीत नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: मध्यमगती गोलंदाज निवृत्त. मी निवृत्ती घेतलीच नव्हती.

आता चाळिशी उलटली. ढाणकी, महागाव, जिथं स्पर्धा असेल तिथं जातो. चौथ्या नंबरला खेळतो आणि ते आधीच सांगतो. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा म्हणतो. मला घालवायचं असेल तर चेंडू टाका, दांडी उडवा, मी मुकाट चालू लागेन. पण कुणाच्या हुकमानं मी आता जागचा हलणार नाही.