हाडासकट

अँब्रोझचा एकच नियम होता. मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याहून थोराड हरीण, नदीपासून हाकेच्या अंतरावर असेल तरच गोळी घालायची, कारण मांस होडीपर्यंत पाठीवरून न्यावं लागतं. युकॉन नदीकाठच्या आमच्या गावात त्याच्यासारखा शिकारी नव्हता, तरी लांब उभा असलेला नर तो मुकाट्याने जाऊ देई. हा नियम त्याने एकदाच मोडला. तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो.

त्याची धाकटी बहीण कोरा मागच्या हिवाळ्यात वारली होती. तिची शवपेटी करणाऱ्यांना, गोठलेल्या जमिनीत कबर खणणाऱ्यांना पोटभर मूस खाऊ घातल्याशिवाय मेलेल्याचा जीव पुढच्या वाटेला लागत नाही, असं आमच्यात मानतात. कोराच्या नावाच्या त्या जेवणाचा दिवस जवळ आला होता. त्या वर्षी सप्टेंबर संपत आला तरी थंडी पडली नव्हती आणि मूस पाण्याकडे फिरकत नव्हते. अखेर दलदलीच्या पार एक मोठा नर दिसला. मी अँब्रोझची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली आणि गोळी झाडली.

कातडं सोलल्यावर मी म्हटलं, मागच्या मांड्या चिरून हाडं काढू. ओझं हलकं होईल, मांसही लवकर निवेल, नासणार नाही. तो ऐकेना. त्याची आई वारली तेव्हा तिच्या जेवणाला त्याच्या बापाने मांड्या अख्ख्या आणल्या होत्या. यजमानाने स्वतःसाठी काही कापून ठेवलं नाही, हे पाहुण्यांना दिसावं म्हणून.

"कोराच्या जेवणाला तुकडे मांडू?" तो म्हणाला. "तू दुकानात बसून हिशेब करणारा. ओझ्याला घाबरलास."

"ओझ्याला नाही, उन्हाला."

"ऊन कोरालाही आवडायचं."

मी सुरी पुसून म्यानात घातली.

आधी डोकं होडीपर्यंत नेलं, कारण ते म्हाताऱ्यांच्या रश्श्याचं. मग पुढचे फरे, मग बरगड्या. शेवाळात पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि पाठीवरचं ओझं उपसू द्यायचं नाही. अँब्रोझ दोनदा तोंडावर पडला. मांड्या सर्वांत जड, म्हणून शेवटी राहिल्या. त्या सावलीला टांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी होडीत आल्या.

गावात त्याच्या टिलीमावशीने खुब्याच्या सांध्यात सुरी घातली, बाहेर काढून हुंगली. दुसऱ्या मांडीतही घातली. मग सुरी गवताला पुसली.

"आतून आंबलंय, बाळा. दोन्ही."

हाडाभोवतीचं मांस हिरवट झालं होतं. वरून मात्र दोन्ही मांड्या देखण्या दिसत होत्या.

जेवणासाठी मारलेलं जनावर आम्ही कुत्र्यांपुढे टाकत नाही, नदीतही सोडत नाही. होडीने परत पलीकडे गेलो आणि काठावर अँब्रोझने एक मांडी पुन्हा पाठीवर बांधली. दुसरी मी घेतो म्हटलं, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. जिथे जनावर पडलं होतं, तिथे त्याने दोन्ही एकेक करून परत नेऊन ठेवल्या. त्याच वाटेने, त्याच चिखलातून.

जेवण झालं. रस्सा पुरला, मांस पुरलं नाही. कबर खणणारे बरगड्या चोखून उठले. अँब्रोझ दाराशी बसून होता. ओझ्याच्या पट्ट्यांनी सोललेल्या खांद्यांना सदरा चिकटला होता.

लोक पांगल्यावर त्याने मावशीला विचारलं, "लागली का ती वाटेला?"

मावशीने रश्श्याचा वाडगा त्याच्यासमोर ठेवला. "जेव आधी."

 त्याने वाडगा उचलून मागे रेंगाळलेल्या, पोट न भरलेल्या एका कबर खणणाऱ्याला दिला.