सिंगापूरची रंगीत तालीम

परदेशाचा विषय तुम्हीच काढलात, तर चहा होईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. दोन मुलं पळवून नेतोय या संशयावरून तलासरीच्या पुढे पोलिसांनी मला रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मुलं माझीच होती. हसा, हरकत नाही. पण पोलिसांचं काही चुकलं असं म्हणू नका. त्यांच्या जागी मी असतो, तर मलाही माझा संशय आला असता.

झालं असं, की आमच्या सोहमच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत सिंगापूरला जाऊन आला. तिथे ड्रायव्हर नसलेली आगगाडी असते, हे त्याने इतक्यांदा सांगितलं, की सोहमला डहाणूच्या गाड्यांमध्ये राम वाटेना. त्याची ताई तन्वी तिसरीत, तो पहिलीत. दोघांनी मिळून माझ्यामागे टुमणं लावलं.

मुलांची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आमच्याकडे प्रवास हे तिचं खातं. नाशिकला जायचं असलं तरी पाण्याची बाटली कुठल्या पिशवीत हे तीच ठरवायची. माझं काम बॅगा उचलायचं आणि मध्ये न बोलायचं. ते मी चोख करत असे. पण मुलांना असं किती दिवस सांगणार, की आपल्याकडे प्रवासाचं खातं बंद आहे? म्हटलं, जाऊ या.

अडचण एकच होती. सासूबाई.

सासूबाई मूळच्या चिंचणीच्या. लेक गेल्यावर तिथलं घर मुलाच्या हवाली करून त्या आमच्याकडे राहायला आल्या. घरात नुसतं बसणं जमेना म्हणून डहाणूच्या मासळी बाजारात टोपली घेऊन बसायला लागल्या. मुलांचं सकाळ-संध्याकाळचं सगळं त्याच बघतात. त्यामुळे त्या नाही म्हणाल्या की नाही. मी हट्टाने गेलो असतो तर त्यांनी अडवलं नसतं, पण परत आल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नसत्या, आणि घरात माझ्याशी बोलणारं मोठं माणूस दुसरं कोण होतं?

मी सिंगापूरचं नाव काढलं तेव्हा त्या कोलंबी सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मास्तर, तन्वीला संडासला जायचं झालं, तर तुम्ही बायकांच्या दाराबाहेर उभे राहणार. तेव्हा सोहम कुठे असेल?"

मी म्हटलं, माझ्या शेजारी.

"तो कधी कोणाच्या शेजारी उभा राहिलाय?"

मी उगाच एक कोलंबी सोलायला घेतली. त्यांनाच दया आली असावी. कोलंबी संपवून त्यांनी निकाल दिला, की आधी दोघांना एकट्याने वापीला घेऊन जा, दिवसभर फिरवा आणि धड परत आणा. आणलंत तर सिंगापूरचं बघू.

आता वापीला जाणं म्हणजे आमच्यासाठी काय हो? चपला घ्यायला जातो माणूस. दुसऱ्या कुणी मुलांना गाडीत घातलं असतं, डोसा खाऊ घातला असता आणि संध्याकाळी परत आणलं असतं. पण मी पडलो शिक्षक. शाळेची तपासणी असली की आम्ही काय करतो? साहेब काय विचारतील ते आधी काढतो आणि मुलांकडून उत्तरं घोटून घेतो. मी ठरवलं, वापी नुसती वापी म्हणून वाया घालवायची नाही. तिलाच सिंगापूर समजायचं. रंगीत तालीम करायची.

तयारीला आठवडाभर मी झोपाळ्यावर बसून विमानतळाचा अधिकारी होत असे. मुलांनी समोर उभं राहायचं. गणवेशातला माणूस वाकून प्रश्न विचारील, मग उत्तर द्यायचं: स्पष्ट, पूर्ण वाक्यात आणि माझ्याकडे न बघता. माझ्याकडे बघितलं की मुलांना पढवलंय असं वाटतं. मला 'पप्पा' म्हणायचं नाही, 'वडील' म्हणायचं, तेवढंच भारदस्त. एक प्रश्न मी शेवटाला ठेवला होता. आई कुठे आहे, असं विचारलं तर? तन्वीने विचार करून सांगितलं, आई आमच्यासोबत नाही. उत्तर बरोबर होतं. सोहमचा ओठ हलायला लागला, म्हणून मी म्हटलं, तिथे रडायचं नाही, मागे मोठी रांग असते. मग आम्ही सरकत्या जिन्यावर पाय कसा ठेवायचा त्या धड्याकडे वळलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण गर्दीत हात सुटला तर काय, म्हणून मी सासूबाईंच्या माहेरच्या होडीवरची जाळ्याची निळी दोरी काढली आणि दोघांची मनगटं एकमेकांना बांधली. मध्ये हातभर सैल. आणि खरे पासपोर्ट तालमीत हरवायला नकोत, म्हणून ते कपाटात कुलूप लावून ठेवले आणि पुठ्ठ्याचे दुसरे बनवले. वर मुलांचे फोटो डकवले. चित्रकलेत माझा हात बरा आहे. तीन सिंह बरे उतरले होते.

निघालो रविवारी. तलासरी गेलं, हायवेला लागलो. गुजरातची हद्द जवळ आली की कधी कधी गाड्या तपासतात. तिकडे दारूबंदी आणि शेजारी दमण, त्यामुळे बाटल्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत असतात. मला त्याची कसली भीती? मी काच खाली केली, लायसन्स दिलं. हवालदार चांगला माणूस होता. मागे मुलं बघून वाकला आणि कौतुकाने विचारलं, कुठे निघाली स्वारी?

गणवेश, वाकणं आणि प्रश्न. तन्वी सीटवरच उभी राहिली.

"आम्ही परदेशात फिरायला चाललो आहोत. आम्ही तिथे काम करणार नाही. आम्ही परत येणार आहोत."

हवालदाराचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडे आले. परदेशात म्हणजे कुठे, बाळा?

"सिंगापूरला," दोघं एका सुरात.

आता तलासरीहून गाडीने सिंगापूर. मी हसलो. माझं ते हसणं, मला नंतर सांगण्यात आलं, चांगलं दिसलं नाही.

"आणि हे कोण?"

"हे आमचे वडील आहेत," तन्वी समोरच्या काचेकडे बघून म्हणाली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शाबास म्हणावं असं उत्तर.

"आई नाही आली?"

"आई आमच्यासोबत नाही."

इथे मी तोंड उघडलं होतं. पण सोहमला वाटलं, त्याचा नंबर राहून गेला. तो म्हणाला, "आणि हे सांगताना रडायचं नाही, असं सांगितलंय. ह्यांच्याकडे बघायचं पण नाही."

हवालदाराने माझं लायसन्स स्वतःच्या खिशात ठेवलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

मुलांना खाली उतरवलं. ती दोघं एकदमच उतरली, कारण बांधलेली होती. ती निळी दोरी पाहून शेजारचा टेम्पोवालाही खाली उतरला. कडेच्या पोलिसांच्या तंबूतून एक मॅडम आल्या, फौजदार असाव्यात. त्यांनी दोरी सोडली, मुलांना बिस्किटं दिली आणि माझी पिशवी उघडली. पुठ्ठ्याचे पासपोर्ट हातात घेऊन त्या बराच वेळ तीन सिंहांकडे बघत होत्या.

हे कोणी बनवले, त्यांनी मुलांना विचारलं.

"ह्यांनीच," सोहम अभिमानाने म्हणाला. "आमचे खरे कुलपात ठेवलेत."

मी सगळं समजावून सांगितलं. शाळा, तपासणी, तालीम, सरकता जिना. बोलता बोलता माझ्याच लक्षात येत होतं, की खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरं काहीतरी सांगेल. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मुलांच्या आईकडचं कोणी आहे का, ज्यांच्याशी बोलता येईल?

होतं ना. पण नंबर द्यायचा म्हणजे परीक्षेचा निकाल आपल्या हाताने लावायचा. घरून निघून तास झाला नव्हता. मी म्हटलं, त्यांना नका त्रास देऊ, वय झालंय त्यांचं. असं म्हटल्यावर मॅडमचा उरलासुरला विश्वासही गेला. नंबर द्यावाच लागला.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे बाजाराचा गलका, कोणीतरी पापलेटवरून भांडत होतं. मॅडमनी विचारलं, तन्वी आणि सोहम तुमचे कोण? माझ्या लेकीची पोरं, उत्तर आलं. मग मॅडमनी सांगितलं, की मुलं सुखरूप आहेत, पण सोबतचा माणूस आपण वडील आहोत असं म्हणतोय, आणि मुलांचे हात बांधलेले होते.

पलीकडचं पापलेटचं भांडण थांबलं.

"चष्मेवाला आहे का? आणि विचारल्याहून जास्त सांगतोय?"

"हो."

"मग आमचाच आहे. धरून ठेवा, मी येते."

सासूबाई रिक्षा करून आल्या. टोपली शेजारणीकडे देऊन, हाताला मासळीचा वास तसाच. मुलं धावत जाऊन बिलगली. मॅडमशी त्या बाजूला जाऊन काहीतरी बोलल्या. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली घेतली. लायसन्स परत देताना त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "सर, मुलं हुशार आहेत. त्यांना विचारतील ते विचारू द्या. तुम्ही पढवू नका."

हवालदाराने पासपोर्टही परत दिले. चित्र चांगलं आहे, म्हणाला.

परत निघालो. वापी राहिली. मागे मुलं हवालदाराची गोष्ट एकमेकांना सांगत होती, सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आशागडपर्यंत मी मनातल्या मनात सिंगापूर रद्द करून, मुलांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

"तिथे मासे मिळतात का?" त्यांनी एकदम विचारलं.

मला कळेना. कुठे?

"सिंगापूरला. विचारून ठेवा. आम्ही जाऊ."

मी गाडी हळू केली. आम्ही म्हणजे कोण कोण, असं जपूनच विचारलं.

"मी आणि ही तीन पोरं."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर दोनच होती.