गोळी जाऊ द्या, पुंगळी आणा

पोलिसात निम्मं आयुष्य काढलं की मेडलपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडचे बहुतेक पुंगळीचे. पिस्तुलाच्या सरावात गोळी उडते आणि तिचं पितळी रिकामं कवच बाजूला पडतं, ती पुंगळी. गोळी कुठं गेली, हे कुणी विचारत नाही. पुंगळी मात्र परत जमा करावी लागते. ते खातं आमच्या माने जमादारांकडं.

*

नव्या साहेबांची एकही गोळी टार्गेटला लागली नाही. तरी ऐटीत त्यांनी जमादारांना विचारलं, कसं काय झालं?

"लई बेस्ट, साहेब. पुंगळ्या समद्या सापडल्या."

*

एकदा गरम पुंगळी उडून एका शिपायाच्या कॉलरीत शिरली. गडी नाचायलाच लागला. आम्ही पाणी आणायला पळालो. जमादार तिथूनच ओरडले, "हलू नको रं, गवतात पडंल!"

*

एका वर्षी जमादारांना हौस आली. पुंगळ्या चिंच लावून घासल्या, देवाच्या भांड्यांसारख्या लख्ख केल्या. भांडारातल्या बाबूनं त्या तशाच परत पाठवल्या. त्याचं म्हणणं, या झाडलेल्या वाटत नाहीत. मग आम्ही चूल पेटवून पुंगळ्या धुरावर धरल्या. त्या काळ्या झाल्यावर बाबूचं समाधान झालं.

*

आणि शेखभाईंचा दिवस. लातूरला घरी लेकीची मंगनी, पाहुणे उदगीरहून येणार, आणि शेखभाई आमच्यासोबत शिरूर अनंतपाळकडच्या माळावर सरावाला. दुपारच्या आत सुटू, असं साहेबांनी कबूल केलं होतं. शेवटी एक पुंगळी कमी पडली.

ती सापडल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असा हुकूम झाला. आम्ही सगळे गुडघ्यांवर. शेखभाईंचा चेहरा बघवत नव्हता, मला तर रडूच यायचं बाकी होतं. पाहुणे ताटकळले. अखेर मुलाचे वडील, म्हणजे शेखभाईंचे होणारे समधीच जीप घेऊन माळावर आले आणि पायजमा वर खोचून तेही शोधायला लागले.

तेवढ्यात बाभळीखाली जमादारांना पुंगळी सापडली. हिशेब जुळला. साहेबांनी गाडीत बसायला सांगितलं.

इतक्यात पलीकडून समधी हसत आले. त्यांच्या हातात आणखी एक पुंगळी.

जमादार मटकन खाली बसले. कमी पडली तर एक चौकशी, जास्त भरली तर त्याहून मोठी. साहेब आभाळाकडं बघायला लागले.

शेखभाईंनी समधींचा हात हळूच धरला.

"समधीसाब, जिथं सापडली तिथंच ठिवून या. न्हाईतर निकाह बी हितंच लावावा लागंल."