धाकट्याची जामीनदार

गल्लीतल्या लहानथोरांची ती ताईच होती. शाळेचे गणवेश शिवायची. पोरांनी वर्षभर कितीही झोंबाझोंबी केली तरी ताईनं बसवलेली कॉलर उसवायची नाही, अशी तिची ख्याती.

तिच्या धाकट्या भावाच्या हातून मारामारीत एकाचा जीव गेला आणि तो दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. सहाव्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. पॅरोलसाठी जामीनदार हवा म्हटल्यावर काकांपासून मामेभावापर्यंत सगळ्यांनी काखा वर केल्या. ताई मशीनवरून उठली ती थेट तुरुंगाच्या कचेरीत गेली.

"पॅरोल म्हणजे सुट्टीच ना?" तिनं विचारलं.

"छे!" म्हातारे हेडक्लार्क म्हणाले. "शिक्षा माफ होत नाही, दार तेवढं उघडतं. मूळ शब्दाचा अर्थच मुळी 'दिलेला शब्द'. पूर्वी पकडलेल्या सैनिकाला 'पुन्हा लढणार नाही' एवढ्या वचनावर सोडायचे."

"मग एवढे कागद कशाला?"

"शब्दाला जागणारे कमी झाले, बाई," म्हणत त्यांनी सहा ठिकाणी सह्या घेतल्या.

चौदा दिवसांचा पॅरोल मिळाला आणि धाकटा आईच्या उशाशीच बसून राहिला. ताईनं दहाव्या दिवशीच मुदतवाढीचा अर्ज दिला होता, पण उत्तर आलं नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याला हजर व्हायचं होतं आणि आईला सकाळपासून धाप लागलेली.

"निघतो, ताई. सही तुझी आहे," तो म्हणाला. पण आईनं धरलेलं मनगट काही सुटेना.

ताईनं पिशवी उचलली. "तू बस. मी जाते."

"तू? कुठं?"

"तुझ्या जागी."

तुरुंगाच्या फाटकाजवळच्या बाकावर तिनं बैठक मारली. शिपायाला हसू आवरेना. "बाई, इथं बदली चालत नाही!"

"माझ्या शब्दावर तो बाहेर आहे ना? मग तो येईपर्यंत मला ठेवा. नाहीतर माझा अर्ज शोधा."

हेडक्लार्कनी गठ्ठेच्या गठ्ठे उपसले. अर्ज भलत्याच कैद्याच्या फायलीत निघाला. अधीक्षकांनी तो वाचला, बाकावरच्या ताईकडे एकदा पाहिलं आणि सात दिवस वाढवून दिले. तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

ती घरी पोचली तोवर आई गेली होती. डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं.

"अगं, नेमकी शेवटी तूच नव्हतीस!" शेजारीण हळहळली.

"मला आई चाळीस वर्षं मिळाली," ताई म्हणाली. "त्याला सहा वर्षांत हेच चौदा दिवस." आणि मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

सात दिवस मिळाले होते, पण धाकटा चौथ्याच दिवशी आपल्या पायांनी परत गेला. पुढे शिक्षा संपून तो सुटून आल्यावर ताईनं त्याला आपल्याच कामात घेतलं. तो बटणं लावतो. वाकडी लागली की ताई ती उसवते आणि शर्ट परत त्याच्यापुढे टाकते.